पायरीवरचे नाव

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर एक नाव कोरलेले आहे. ते छत्रपतींचे नाही, अष्टप्रधानांपैकी कुणाचेही नाही. ज्यांच्या देखरेखीखाली रायगडाची उभारणी झाली, त्या हिरोजी इंदुलकरांचे ते नाव आहे. महाराजांनी बक्षीस मागण्यास सांगितले तेव्हा हिरोजींनी धनदौलत न मागता पायरीवर नाव कोरण्याची अनुज्ञा मागितली, अशी कथा महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या सांगत आला आहे. दर्शनाला येणाऱ्यांची पायधूळ त्या नावावर पडावी, हा त्यातील भक्तिभाव सर्वांना भावतो. परंतु त्या पायरीला दुसराही एक अर्थ आहे आणि तो राज्यकारभाराचा आहे. ज्याने बांधले त्याचे नाव बांधकामावरच राहिले. गड ढासळला असता तर ते नाव लपविण्यास जागा उरली नसती.

आजच्या महाराष्ट्रात, किंबहुना आजच्या भारतात, कोनशिलेवर कुणाचे नाव असते? भूमिपूजन करणाऱ्याचे, उद्घाटन करणाऱ्याचे, ‘प्रमुख उपस्थिती’ लाभलेल्यांचे. ज्याने सिमेंट कालवले, ज्याने त्याची मोजमापे घेतली आणि ज्याने देयकावर सही केली, त्यांची नावे मात्र फायलींच्या पोटात गडप होतात. पूल पडल्यावरच ती शोधावी लागतात, आणि तोवर त्याच हातांना दुसऱ्या जिल्ह्यात दुसरे काम मिळालेले असते.

मालवणच्या किनाऱ्यावर

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या सोहळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. पुरते नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. वाऱ्याचा वेग जास्त होता, असे प्रारंभी सांगण्यात आले. त्याच किनाऱ्यासमोर, त्याच खाऱ्या वाऱ्यात आणि थेट समुद्राच्या लाटांत, १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा आहे. वाऱ्याला दोष देणाऱ्यांनी एकदा मान वळवून तिकडे पाहावयास हवे होते.

पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट रोजी पालघर येथील जाहीर सभेत क्षमा मागितली. शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांना अटक झाली. पुढे राम सुतार यांच्यासारख्या ज्येष्ठ शिल्पकाराच्या संस्थेकडे नव्या पुतळ्याचे काम सोपविण्यात आले, ११ मे २०२५ रोजी नव्या पुतळ्याचे पूजन झाले, आणि या वेळी दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी बांधणाऱ्यावरच टाकण्यात आली. हे योग्यच झाले. पण पहिल्या खेपेस हे का सुचले नाही? पुतळा पडण्याच्या सहाच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक अभियंत्याने नट-बोल्ट गंजल्याचे नौदलाला पत्राने कळविले होते. काम एका खात्याच्या देखरेखीखाली, निधी दुसऱ्याचा, तक्रार तिसऱ्या टेबलावर आणि पुतळा वाऱ्यावर! कंत्राटदाराने काम दिले तेव्हा ते तपासले कुणी, त्यानंतर दर महिन्याला पाहणी करावयाची होती कुणी, आणि दोष आढळला तर चोवीस तासांत काय करावयाचे होते, याची उत्तरे काम देतानाच कागदावर असावयास हवी होती. ती असती तर सहा दिवस पुरेसे होते.

या दुर्घटनेने मराठी मन दुखावले ते स्वाभाविकच. पण केवळ दुखावून चालणार नाही. महाराजांच्या नावाने जयघोष करणाऱ्या समाजाने महाराजांचा कारभारही आठवला पाहिजे. त्या कारभारात काम सोपविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पारखून घेणेही महत्त्वाचे होते.

पुढचे पाठ, मागचे सपाट

सरकारी कामाचे कंत्राट आपल्याकडे कसे दिले जाते, हे नीट पाहिले म्हणजे रोगाचे मूळ सापडते. निविदा निघते. तिला पात्र ठरण्यासाठी कंत्राटदाराला पूर्वानुभव दाखवावा लागतो. केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर २००२ मधील सूचनांनुसार गेल्या सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के रकमेची तीन, अथवा ५० टक्के रकमेची दोन, अथवा ८० टक्के रकमेचे एक समान स्वरूपाचे काम पूर्ण केलेले असावे, ही सर्वत्र रुळलेली कसोटी आहे. ही अट पार केली की मग एकच प्रश्न उरतो: सर्वांत कमी दर कुणाचा?

या कसोटीत काय मोजले जाते? कामाची रक्कम. काय मोजले जात नाही? त्या कामाचे पुढे काय झाले ते. पाच वर्षांपूर्वी बांधलेला रस्ता आज खड्ड्यांत गेला असेल, पण तो ‘पूर्ण’ झाल्याचा दाखला फायलीत असेल, तर कंत्राटदार पात्र. शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याने बांधलेला रस्ता आठ पावसाळे काढूनही टणक असेल, तरी त्याला एका पैशाचाही अधिक मान नाही. चांगले काम करणारा आणि वाईट काम करणारा निविदेच्या दारात एकाच रांगेत उभे राहतात, आणि दार उघडते ते स्वस्तासाठी. मग जो प्रामाणिकपणे खडी, डांबर आणि मजुरीचा हिशेब मांडतो, त्याचा दर अर्थातच अधिक येतो. अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन काम घेणारा तो फरक कुठून भरून काढणार आहे, हे समजण्यासाठी स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही. तो थराच्या जाडीतून, सळईच्या वजनातून आणि सिमेंटच्या गोण्यांतून भरून निघतो.

सामान्य गृहिणीही ज्या गवंड्याने मोरीचा उतार चुकविला त्याला पुन्हा घरी बोलावत नाही. शेतकरी फसलेल्या बियाण्याचे दुकान दुसऱ्या हंगामात टाळतो. ही साधी स्मरणशक्ती कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्या शासनाला मात्र नाही. पुढचे पाठ, मागचे सपाट! बिहारमध्ये गंगेवरील सुलतानगंज-अगुवानी पूल हे याचे डोळ्यांत अंजन घालणारे उदाहरण आहे. सुमारे १,७१० कोटी रुपयांचा हा पूल बांधून पूर्ण होण्यापूर्वीच ३० एप्रिल २०२२ रोजी त्याचा काही भाग कोसळला. ४ जून २०२३ रोजी दुसऱ्यांदा कोसळला. १७ ऑगस्ट २०२४ रोजी तिसऱ्यांदा. पहिल्या पतनानंतरच कंत्राटदाराच्या कामगिरीचे कठोर मूल्यमापन होऊन त्याचा निकाल लागला असता, तर दुसरे आणि तिसरे पतन देशाने पाहिले नसते.

‘समाधानकारक’ नावाचा शेरा

मूल्यमापनाची तरतूदच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नमुन्यांत जुन्या कामाचा अहवाल मागविला जातो, त्यात कामाचा दर्जा, आर्थिक क्षमता, तांत्रिक कौशल्य यांसाठी रकाने आहेत आणि श्रेणीही आहेत. परंतु रकाना असणे आणि तो खरेपणाने भरला जाणे यांत रायगडाचा पायथा आणि माथा यांच्याइतके अंतर आहे. ज्या अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेवर सह्या केल्या, ज्याने चालू देयके मंजूर केली, त्यानेच शेवटी ‘काम निकृष्ट’ असा शेरा लिहावा, ही अपेक्षा मानवी स्वभावाला धरून नाही. तो शेरा लिहिला तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल: मग देयके कशी मंजूर केलीत? म्हणून तो लिहितो, ‘समाधानकारक’. मराठी भाषेत इतका निर्जीव शब्द दुसरा नसेल. कुणाचे समाधान? ज्यांना त्या पुलावरून जायचे आहे त्यांचे, की ज्यांना फाईल बंद करावयाची आहे त्यांचे?

शिवाय हा शेरा लिहिण्याचा मुहूर्तही चुकीचा आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला ज्या दिवशी दिला जातो, त्या दिवशी प्रत्येक रस्ता गुळगुळीत असतो आणि प्रत्येक पूल रंगविलेला असतो. कामाची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होते. दोषदायित्वाचा काळ कंत्राटात लिहिलेला असतो, सुरक्षा ठेवही अडकवून ठेवलेली असते. पण त्या काळात दोष शोधण्यास कुणी जाते काय? ठेव परत करण्याचा दिवस कंत्राटदाराच्या पक्का ध्यानात असतो, दोष पाहण्याचा दिवस खात्याच्या ध्यानात राहत नाही. अभियंत्याची बदली झालेली असते, नव्याला जुन्या कामाची माहिती नसते. मुदत संपते, ठेव परत जाते आणि खड्डा नागरिकांच्या वाट्याला राहतो.

याउलट काम तडीस नेणाऱ्याची कदर होते काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसह अनेक प्रवासी जलसमाधीत गेले. त्या शोकाच्या छायेत नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. मनात आणले तर वेळेत काम होते, हे त्यातून सिद्ध झाले. पण पुढच्या निविदेत अशा कामगिरीला गुण मिळत नसतील, तर ती पुन:पुन्हा घडावी असे कुणाला आणि का वाटावे?

काळ्या यादीचा देखावा

काही कोसळले, माणसे मेली, वृत्तपत्रांत मथळे आले की मंत्रालयातून एक घोषणा होते: कंत्राटदाराला काळ्या यादीत टाकले! ऐकणाऱ्याला वाटते, आता याचा धंदा संपला. प्रत्यक्षात काय असते? केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील १५१ व्या नियमानुसार सचोटीच्या नियमांचा भंग करणाऱ्याला खरेदी करणारे खाते २ वर्षांपर्यंत निविदांपासून दूर ठेवू शकते. एका मंत्रालयाचा असा आदेश आपोआप सर्व मंत्रालयांना लागू होत नाही; त्यासाठी वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाचा वेगळा आदेश लागतो. राज्यांची व्यवस्था आणखी निराळी, महानगरपालिकांची त्याहून निराळी. एका दारातून हाकललेला दुसऱ्या दारातून आत येतो, आणि दारे इतकी आहेत की सगळी बंद होण्याची वेळ कधी येतच नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. काळ्या यादीत टाकणे हे एखाद्या व्यवसायाच्या दृष्टीने मृत्युदंडासारखे आहे, म्हणून न्यायालयांनी त्यावर मर्यादा घातल्या आणि त्या रास्त आहेत. बाजू मांडण्याची संधी दिल्याविना असा आदेश काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एरुशियन प्रकरणात सांगितले. ही बंदी कायमची असू शकत नाही, हे २०१३ मध्ये कुलजा प्रकरणात. आणि कारणे दाखवा नोटिशीत काळ्या यादीचा स्पष्ट उल्लेख हवा, हे २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटी प्रकरणात. ज्या खात्याजवळ पाच वर्षांच्या पाहणीची एकही तारीखवार नोंद नाही, ते न्यायालयात काय दाखविणार? घाईघाईने काढलेला आदेश रद्द होतो, कंत्राटदार हसत बाहेर पडतो आणि दोष न्यायालयांवर ढकलला जातो. रोजच्या रोज नोंद ठेवणे हे काळ्या यादीपेक्षा कितीतरी भेदक शस्त्र आहे. पण त्यासाठी पत्रकार परिषद घेता येत नाही, म्हणून ते कुणाला नको असते.

वेळेवर नोंद न ठेवण्याची किंमत कोण देते, हे मुंबईकरांना विचारावे. रस्त्यांच्या कामातील गैरव्यवहाराच्या तक्रारीनंतर महापालिकेने ३४ रस्त्यांची चौकशी केली आणि २०१६ मध्ये सहा कंत्राटदारांवर गुन्हे नोंदविले. त्यांच्यापैकीच एकाकडे हँकॉक पुलाचे काम होते. जुना पूल जानेवारी २०१६ मध्येच पाडलेला. काम रद्द करावे लागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, नवी निविदा काढावी लागली. पुलाची एक बाजू खुली होण्यास २०२२ साल उजाडले. तोवर माझगाव-डोंगरीच्या शाळकरी मुलांनी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी रूळ ओलांडावेत, हा कुठला न्याय?

तपासनिसांची तपासणी

मुंबईच्या त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. त्या रस्त्यांच्या दर्जावर लक्ष ठेवण्यासाठी महापालिकेने त्रयस्थ परीक्षक नेमले होते, त्यांना मोबदला दिला जात होता. त्या परीक्षक संस्थांच्या अभियंत्यांनाच पोलिसांनी अटक केली. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि घरी परतणाऱ्या निरपराध माणसांचा बळी गेला. त्या पुलाचे संरचनात्मक परीक्षण आदल्याच वर्षी झाले होते आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्याला काही नको, असा निर्वाळा मिळाला होता.

गुजरातमध्ये मोरबी येथे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झुलता पूल तुटून १३५ जण मृत्युमुखी पडले. पुलाची देखभाल सोपविली होती घड्याळे बनविणाऱ्या उद्योगसमूहाकडे, आणि तीही निविदेविना. सुमारे सात महिने तो दुरुस्तीसाठी बंद होता. २६ ऑक्टोबरला, म्हणजे अवघे चार दिवस आधी, तो पुन्हा उघडला. विशेष तपास पथकाला आढळले की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून निकामी झाल्या होत्या. पूल उघडण्यापूर्वी वजनाची चाचणीही झाली नव्हती. ज्या नगरपालिकेचा पूल, तिने काम पारखून घेण्याची तसदीच घेतली नाही.

मालवण, मुंबई, मोरबी, बिहार. या चार ठिकाणी सत्ता निरनिराळ्या पक्षांची आणि आघाड्यांची होती. ज्यांना आपले सरकार प्रिय आहे, त्यांनी या प्रश्नावर अधिक कठोर व्हावयास हवे. विरोधकांच्या राज्यातील पूल पडला की तो भ्रष्टाचार, आणि आपल्या राज्यातील पडला की तो वारा, असा दुटप्पी न्याय राष्ट्राचा विचार करणाऱ्यांना शोभत नाही. गंजलेली तार मतदाराचा पक्ष विचारून तुटत नसते.

बिनचेहऱ्याचे हात

या व्यवहारात आणखी एक थर आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. पात्रतेच्या अटी पार करणारी मोठी कंपनी काम घेते, आपला वाटा काढून ते दुसऱ्याला देते, तो तिसऱ्याला. जागेवर राबणारा उपकंत्राटदार शासनाच्या कागदावर कुठेच नसतो. त्याने चांगले काम केले तर श्रेय वरच्याला, वाईट केले तर दोष कुणालाच नाही. जुलै २०२५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. जल जीवन मिशनच्या कामाचे पैसे थकल्याने तो कर्जात बुडाला होता, असे त्याचे सहकारी सांगत होते. तो उपकंत्राटदार होता, त्याच्या नावे देयकच प्रलंबित नाही, असे उत्तर शासनाकडून आले. हे उत्तर कागदोपत्री बरोबरही असेल. पण जो माणूस गावाला पाणी आणण्यासाठी चर खोदत होता, त्याचे नाव राज्याच्या कुठल्याही कागदावर नसावे, हेच त्या व्यवस्थेचे आरोपपत्र आहे.

म्हणून अनुपालनाचा विचार एकतर्फी करता येणार नाही. कंत्राटदाराने अटी पाळाव्यात, तशा शासनानेही पाळल्या पाहिजेत. देयक महिनोन्‌महिने अडकवून ठेवावयाचे आणि दर्जाही उत्तम मागावयाचा, हे न्यायाचे नव्हे. पैसे वेळेवर मिळत नाहीत असे दिसले की प्रामाणिक माणूस या धंद्यातून उठतो. मागे उरतात ते, ज्यांना देयक कसे ‘काढावे’ हे ठाऊक असते. जे खाते पैसे थकविते, तेच पर्यायाने निकृष्ट कंत्राटदार पोसते.

दाखविलेली वाट

या सर्वांवर उपाय नाही असे नाही. उपाय या देशातच सापडलेले आहेत. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. तिच्यात रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटातच घालण्यात आली. जिल्हा, राज्य आणि केंद्र अशा तीन पातळ्यांवर गुणवत्ता तपासणी ठरली. रस्त्याच्या कडेला माहितीचा फलक लावणे बंधनकारक झाले. पुढे ई-मार्ग प्रणाली आली. तिच्यानुसार देखभालीचे पैसे रस्त्याची स्थिती पाहून, छायाचित्रांच्या पुराव्यानिशी दिले जातात. रस्ता खराब तर पैसे कापले जातात. खेड्यातील चार किलोमीटर रस्त्याला जी शिस्त लागू होते, ती शहरातील शेकडो कोटींच्या पुलाला का लागू होऊ नये?

केंद्रीय वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सूचना काढून ठरावीक कामांत गुणवत्तेला कमाल ३० टक्के भार देण्यास मुभा दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने महामार्ग सांभाळणाऱ्या कंपन्यांना दर सहा महिन्यांनी १०० पैकी गुण देण्याचे धोरण जाहीर केले. त्यात ८० टक्के भार रस्त्याच्या प्रत्यक्ष स्थितीला आहे आणि ७० पेक्षा कमी गुण मिळविणाऱ्याला सुधारणा होईपर्यंत नवे काम नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेत तर पेन आणि खुर्च्या विकणाऱ्यालाही कामगिरीनुसार मानांकन मिळते. खुर्ची पुरविणाऱ्याची पत मोजणारे शासन पूल बांधणाऱ्याची पत मोजावयास कचरते, हे आश्चर्यच नव्हे काय?

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून कंत्राटदाराची पूर्वकामगिरी पुढील निवडीत विचारात घेतली जाऊ लागली, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. त्यात घेण्यासारखे जरूर आहे. शेऱ्याला लेखी कारण जोडणे आणि कंत्राटदाराला उत्तर देण्याची संधी ठेवणे, या दोन्ही गोष्टी उत्तम आहेत. पण हा विचार भारताला परका नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नाव कंटकशोधन ठेवले आणि त्याचा आरंभच कारागिरांपासून रक्षण या प्रकरणाने केला. ठरलेली वेळ चुकविणाऱ्या कारागिराचे वेतन चौथाईने कमी करून दुप्पट दंड, आणि सांगितले त्याहून निराळे काम करणाऱ्याचे सगळे वेतन बुडवून दुप्पट दंड, असे त्याने लिहून ठेवले. त्याचबरोबर आकस्मिक संकटाने विलंब झाला असेल तर तो अपवाद धरावा, हा न्यायही त्याने राखला. राजाच्या नोकरांनी धन लाटण्याचे चाळीस प्रकार मोजणाऱ्या आचार्यांना तपासनीसही तपासावा लागतो, हे पक्के ठाऊक होते.

आक्षेप आणि अपेक्षा

कमी दराची पद्धत सोडली तर अधिकाऱ्यांना मनमानी करण्यास रान मोकळे मिळेल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. गुण देण्याचा अधिकार आला की गुण विकण्याचा मोहही येतो. पण त्यावर उतारा आंधळेपणा नव्हे, उजेड हा आहे. गुण मनाने द्यावयाचे नाहीत. मोजता येईल त्यालाच द्यावयाचे. काम मुदतीत झाले की नाही, गाभ्याचे नमुने घेऊन तपासलेली थराची जाडी किती, दोषदायित्वाच्या काळात किती दुरुस्त्या कराव्या लागल्या, मजुरांचा भविष्य निर्वाह निधी भरला की नाही, उपकंत्राटदाराचे पैसे वेळेवर दिले की नाही, या सर्वांचे उत्तर आकड्यांत देता येते. ते आकडे सर्वांसमोर असले, तर लबाडी करणाऱ्याला एका फाईलीऐवजी एका समाजाला फसवावे लागेल. ते सोपे नाही.

यास्तव राज्य शासनाने चार गोष्टी तातडीने कराव्यात. प्रत्येक कंत्राटदाराच्या प्रत्येक कामाची नोंद राज्यभर एकच असावी. बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या भिंती तिला आड येऊ नयेत. मूल्यमापन काम संपल्याच्या दिवशी एकदा न होता, दोषदायित्व संपेपर्यंत प्रत्येक पावसाळ्यानंतर व्हावे, आणि ते देयके मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून न होता दुसऱ्या विभागाच्या अभियंत्याकडून व्हावे. पुढच्या निविदेत या गुणांना दराच्या जोडीने वजन मिळावे. आणि चौथे, बांधकामावर कोनशिलेशेजारी दुसरी शिळा बसवावी. तीवर कंत्राटदार, प्रत्यक्ष काम करणारा उपकंत्राटदार, मोजमाप घेणारा अभियंता आणि त्रयस्थ परीक्षक यांची नावे कोरावीत, आणि दोषदायित्वाची तारीखही. कागदी फलक नको, तो पहिल्या पावसात विरतो. दगडच हवा.

आणि समाजाने? गावातील शिकलेल्या तरुणांनी, निवृत्त अभियंत्यांनी, शिक्षकांनी आपल्या गावच्या एकेका कामाची मोजमापे माहितीच्या अधिकारात मागवावीत, पावसाळ्यानंतर रस्त्यावर जाऊन पाहावे आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार करावी. सुरक्षा ठेव परत जाण्यापूर्वीचे एक पत्र, कोसळल्यानंतरच्या शंभर मोर्चांपेक्षा मोलाचे असते. मालवणच्या त्या अभियंत्याने आपले पत्र लिहिले होते. तसे पत्र टेबलावर पडून राहू नये, हे पाहण्याचे काम समाजाचे आहे.

रायगडावर जाणारी तरुण मुले आज जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचे नाव वाचतात आणि हात जोडतात. साडेतीनशे वर्षांनंतर त्या नावाला वंदन होते, कारण त्या नावाखालचा दगड अजून हललेला नाही. आजच्या पुलांवर, धरणांवर आणि पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर बांधणाऱ्यांची नावे कोरण्याचे धाडस शासनाने करावे. ज्याचे काम खरे असेल, तो हिरोजींप्रमाणे ती जागा मागून घेईल. आणि जो आपले नाव कोरू देण्यास नकार देईल, त्याला काम देण्यापूर्वी शासनाने दहा वेळा विचार करावा.